दुपारी १ ते ४: तुमच्या विसाव्याचे अनुभव सांगा

सदाशिव पेठेत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. 'दुपारी १ ते ४ बंद' ही पाटी आजोबांनी लावली, बाबांनी तिला दोनदा रंग दिला आणि तीन वर्षांपूर्वी मी ती काढली. ऑनलाइनवाल्यांशी टक्कर द्यायची तर तीन तास शटर ओढून चालणार कसं, असा माझा हिशेब. वर्षभर दुपारच्या विक्रीची वेगळी वही ठेवली. त्या तीन तासांत येणारे बहुतेक जण झेरॉक्स मिळेल का विचारायचे, आणि आम्ही झेरॉक्स काढत नाही! मधल्या काळात बाबांचं बीपी वाढलं. मी एका शाळकरी मुलीवर पेन्सिल बदलून मागितली म्हणून खेकसलो. ती रडत गेली, ते अजून डोक्यातून जात नाही.

गेल्या पाडव्याला पाटी पुन्हा लागली. आता जेवण झालं की डाव्या कुशीवर वीस मिनिटं. वामकुक्षी म्हणजे एवढंच, तीन तास घोरणं नव्हे. पुणेकरांवर विनोद करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तुमचा विसावा कुठला? कुणी दिला, कुणी हिरावला? अनुभव लिहा, उपदेश नकोत.

म्हापशाची सून
मी दादरची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दुपारी दोनला बाजारात सुई-दोरा आणायला गेले, तर सगळी शटरं खाली. एक कुत्रं तेवढं जागं होतं. चिडून घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "मातशी आड पड गो."
'सुशेगाद' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मूळ अर्थ शांत, निवांत. बाहेरचे लोक तो आळशी या अर्थानं वापरतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या आधी सासूबाईंचं अंगण झाडून झालेलं असतं. एक वाजेपर्यंत मासळी, कुळागराचं (घरामागच्या बागायतीचं) पाणी, जेवण, सगळं आटोपतं. त्यानंतर कुणी बेल वाजवली तर त्या सरळ दुर्लक्ष करतात. मला हे जमायला चार वर्षं लागली.

साचा खातं
वडील लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. आमची खोली दहा बाय बारा, त्यात गावाकडचे दोन काका. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकच वळकटी तिघांना पुरायची. एक उठला की दुसरा त्याच उबेत आडवा. वडील रात्रपाळीहून आले की आई आम्हा पोरांना गॅलरीत हाकलायची. कुजबुजत भांडायची कला मी तिथे शिकलो.
वडील एक गोष्ट नेहमी सांगायचे. रविवारची सुट्टी आभाळातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधून ती मागितली आणि १० जून १८९० ला मिळवली. आई एकदा पुरणाला चटका देता देता म्हणाली, "लोखंड्यांनी गिरणी बंद केली, चूल कुठे बंद केली?"
वडिलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

पऱ्हाटी
आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. गड्यालाही बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मिळायचा. बैल विकून ट्रॅक्टर घेतला त्याला सहा वर्षं झाली. त्याचे दिवे लावून रात्री अकरापर्यंत नांगरट होते. पोळ्याला त्यालाही हार घालतो, पण खांदा कुठला चोळायचा?

स्टुटगार्टकर
नवीन घरात रविवारी सकाळी भिंतीला ड्रिल लावलं. दोन भोकं पाडली, तिसऱ्याला बेल. खालच्या मजल्यावरच्या आजी. आवाज न चढवता म्हणाल्या, "आज रविवार आहे." दुकानं तर बंद असतातच, पण रविवारच्या विसाव्याची तरतूद इथल्या, जर्मनीच्या, संविधानात आहे आणि ती १९१९ च्या वायमार संविधानातून तशीच उचललीय, हे मला नंतर कळलं. सुरुवातीला तुरुंगात असल्यासारखं वाटायचं, कारण शनिवारी दूध आणायला विसरलं की सोमवारपर्यंत कोरा चहा. आता भारतात आलो की रविवारी मॉलमध्ये मीच थकतो.

दोन चाकं
पहिल्यांदाच लिहितोय. डिलिव्हरी करतो. ॲप बंद केलं की इन्सेंटिव्ह जातो, म्हणून चालू ठेवून पुलाखाली गाडीवरच डोळे मिटतो. फोन छातीवर, व्हायब्रेटवर. परवा स्वप्नातही ऑर्डर आली.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. 'साचा खातं' यांच्या आईंचं वाक्य काल आमच्या आईला वाचून दाखवलं. ती हसली. मग मी विचारलं, एक ते चार तू काय करतेस? इतक्या वर्षांत हे विचारलंच नव्हतं.
तुमची जेवणं झाली की मी जेवते, म्हणाली, आणि मग भांडी घासते. तुमची झोप मोडू नये म्हणून ओट्यावर दुहेरी टॉवेल अंथरून ठेवते, त्यावर भांडी पालथी घातली की वाजत नाहीत.