माँट्रियलच्या बर्फाच्या राड्यात कोणता बूट टिकतो?

काळंरान (लातूर):
नमस्कार मंडळी. आमचा भाचा जानेवारीत माँट्रियलला शिकायला जायलाय. व्हिसा, तिकीट सगळं झालं, आता घरात बुटावरून वाद लागलाय. बहिणीचं म्हणणं, इथूनच चांगले जाड बूट घेऊन द्या, तिकडं डॉलर कशाला घालवायचे. गंजगोलाईत फिरून आलो. एकानं ट्रेकिंगचे ‘वॉटरप्रूफ’ दाखवले, दुसऱ्यानं सरळ गमबूट पुढं ठेवले. “पाणी शिरलं तर पैसे वापस!” पाणी शिरत नाही हे मलाबी माहितंय, रात्रीची लाईट आली की रानात तेच घालून दारं धरतो. पण उणे वीसमध्ये काय? पोराचं रोजचं बस, मेट्रो अन् थोडं पायी. पार्टटाइम काम लागलं तर उभंच राहावं लागंल. बजेट दहा हजाराच्या आसपास. तिकडं राहिलेल्यांनी सांगा. गुगल मीबी केलंय.

गोदाकाठ (नांदेड):
गमबूटच द्या अन् आत दोन जोड मोजे. विषय संपला. हजाराच्या आत काम होतंय.

उदगीरकर:
मामा, तेवढं करू नका. मी माँट्रियलला बरेच हिवाळे काढून आता संभाजीनगरात आहे. आपल्याकडचे स्वस्त गमबूट बहुतेक पीव्हीसीचे. गारठ्यात ते टणक होतात, सोल वाकत नाही अन् बर्फावर पकड राहत नाही. शिवाय बाहेरचं पाणी आत येत नाही तसा आतला घामही बाहेर जात नाही. मोजा घामानं ओला झाला की बोटं बधिर झालीच म्हणून समजा. दोन मोजे कोंबले तर बूट आवळतो, रक्त फिरत नाही, अन् पाय आणखी गार पडतो.

दुसरं म्हणजे, कडक थंडीतला कोरडा बर्फ त्रासाचा नाही. झटकला की पडतो. खरी पंचाईत पारा शून्याच्या आसपास आला की. यंत्रं रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटतात, रस्त्यावर टाकलेल्या मिठानं तो वितळतो, गटाराचं तोंड बर्फानं बुजलेलं. मग चौकात रस्ता ओलांडायच्या जागी करड्या रंगाचा राडा साचतो, आंबिलीसारखा दाट. वरून घट्ट दिसतो, पाय टाकला की घोट्याच्या वर. म्हणून बूट घेताना ‘वॉटरप्रूफ’ची पट्टी वाचत बसू नका, बुटाची जीभ बघा. ती दोन्ही बाजूंनी अपरला, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला, कुठवर शिवलीय? तिथवरच तो बूट वॉटरप्रूफ. त्याच्या वर पाणी गेलं की नाडीच्या फटीतून आत.

माझ्या मते खालचा भाग अखंड रबराचा, वर चामडं आणि आत काढता येणारं नमद्याचं (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचं) अस्तर, हा बूट बेस्ट. अस्तर रात्री काढून वाळवता येतं. ‘उणे ४० पर्यंत’ वगैरे लिहिलेलं असतं त्यावर फार जाऊ नका. तो आकडा ज्याच्या त्याच्या हिशोबाचा असतो. चालणाऱ्याला चालतं, बसस्टॉपवर उभ्या माणसाला नाही.

घसरण्याचं मात्र मोजमाप आहे. टोरँटोच्या एका पुनर्वसन संस्थेची प्रयोगशाळा माणसांना बर्फाच्या उतारावर चालवून बूट तपासते अन् एक ते तीन हिमकणांची श्रेणी देते. ७ अंशाच्या उतारावर जो टिकला नाही त्याला एकही नाही. चांगले महागडे बूट तिथं नापास झालेत. घेण्याआधी ती यादी बघायला सांगा.

आणि तिथंच घ्या. नाताळानंतर हिवाळी मालाचे सेल लागतात. दहा हजारात कामाचा बूट येईल.

काळंरान (लातूर):
पण उतरल्या दिवशी पायात काय? बहीण तेच धरून बसलीय.

उदगीरकर:
ट्रेकिंगचे बूट, लोकरीचा मोजा. सुती नको, तो ओला झाला की ओलाच राहतो. विमानतळावरून ७४७ नंबरची बस शहरात जाते. मधल्या भागात जमिनीखालून जोडलेल्या वाटाच कितीतरी किलोमीटर आहेत, मेट्रोपासून दुकानापर्यंत बर्फाला पाय न लावता जाता येतं. पहिल्याच शनिवारी बूट घेऊ द्या. कामावर साधे बूट वेगळे ठेवायचे. जड बूट घालून आत आठ तास उभं राहिलं की पाय उकडतात, अन् तोच घामेजला पाय घेऊन बाहेर निघावं लागतं.

सोलवाला (परभणी):
आमचं बुटाचं दुकान आहे, बर्फ काही बघितला नाही. पण एक गोष्ट पटली नाही. आत पाणी अडवणारा पडदा असलेले चांगले ट्रेकिंगचे बूट फक्त एका दिवसापुरते नसतात. ऊन पडलेल्या मार्चमध्ये तेच हलके पडतील, दोन्ही ठेवू द्या. सोल अंगठ्यानं दाबून बघायला सांगा, नख रुतल्यासारखं मऊ रबर पाहिजे. पेस्टिंगचा, म्हणजे नुसता चिकटवलेला, सोल हीटरला टेकवून वाळवला की उखडतो. त्यापेक्षा वाळवायला आत रद्दी पेपर कोंबा, भिजला की बदला. मिठाचे पांढरे ओघळ आले की व्हिनेगरात पाणी घालून ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर चामडं तडकतं. अन् माप संध्याकाळी जाड मोजा घालून घ्या. बोटापुढं अंगठ्याएवढी जागा.

गोदाकाठ (नांदेड):
बरं, गमबूट रद्द. मोठं कार्टं माझंही पुढच्या साली जायलंय, धागा सेव्ह केला.

काळंरान (लातूर):
मंडळी, लई उपकार. आईनं लोकरीचे मोजे विणलेत त्याच्यासाठी, बोटभर जाड. चालतील का?

सोलवाला (परभणी):
चालतील, पण ते मोजे बॅगेत ठेवून दुकानात घेऊन जा म्हणा. ते घालूनच बूट ट्राय करायचा. दुकानात आवळला तर एक नंबर मोठा.