दार करकरलं नाही तरी चालतं

'इनर सॅन्क्टम' या जुन्या अमेरिकन रेडिओ भयमालिकेतल्या करकरणाऱ्या दारावरून चर्चा रंगते, तेव्हा त्या काळच्या रेडिओवरची भीती म्हणजे साउंड इफेक्ट्सची करामत, असा एकूण सूर दिसतो. अर्धंच पटलं. 'लाइट्स आउट' या दुसऱ्या भयमालिकेवाले (शिकागो, १९३४, वेळ मध्यरात्रीची) त्यात वस्ताद होतेच. विजेच्या खुर्चीसाठी तव्यात बेकन तळायचे, मुंडकं उडवायचं तर कोबी चिरायचे. श्रोत्याच्या अंगावर काटा, आणि स्टुडिओत नाश्त्याचा वास!

पण 'सस्पेन्स' या रेडिओ मालिकेतलं, लुसील फ्लेचर यांनी लिहिलेलं 'सॉरी, राँग नंबर' हे नाटक ऐका. पहिलं प्रसारण २५ मे १९४३. अंथरुणाला खिळलेली एक चिडखोर बाई आणि तिचा फोन, बस्स. चुकीची लाइन जुळते, तिला खुनाचा बेत ऐकू येतो: रात्री सव्वाअकराला पुलावरून रेल्वेगाडी धडधडत जाईल, म्हणजे किंकाळी कोणाला ऐकू जायची नाही. मग ऑपरेटर, पोलीस, परत ऑपरेटर. कोणी दाद देत नाही. इफेक्ट म्हणाल तर डायल, रिंग आणि ती गाडी. बाकी सगळा भार अभिनेत्री अ‍ॅग्नेस मूरहेड यांच्या आवाजावर. गंमत म्हणजे ही बाई मुळीच आवडण्यासारखी नाही. सुरुवातीला दया येते ती ऑपरेटर मुलींची. तरी शेवटी आपल्याला घाम फुटतोच.

याच नाटकावरचा १९४८चा सिनेमा मात्र नंतर बघा. त्यात फ्लॅशबॅक घालून बरंच पाणी वाढवलंय.