वळणात शिरताना डबे घसरतात: दोष रुळांचा की डब्यांचा?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. घराच्या माडीवर ८ फूट बाय ४ फूट प्लायवूडवर मी एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली, रेल्वे मांडली आहे. रूळ हाताने वाकवता येणारे आहेत आणि वळणाची त्रिज्या ४५७ मिलिमीटर ठेवली आहे. इंजिन व मालडबे बिनतक्रार फिरतात. मात्र जुन्या निळ्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीच्या) डब्यांची आठ डब्यांची महालक्ष्मी एक्स्प्रेस जोडली, की खिडकीकडच्या वळणात शिरताना तिसरा किंवा चौथा डबा आतल्या बाजूला पडतो. वेग निम्म्यावर आणूनही फरक पडला नाही. तीनच डबे लावले तर गाडी निभावते, पण त्यांतला एक डबा तेव्हाही एका ठरावीक सांध्यावर उतरतोच. उन्हाळ्यात त्रास कमी होता, पावसाळ्यात वाढला. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (शाहूपुरी)

आपल्या वर्णनात दोन निराळे दोष एकमेकांत मिसळले आहेत; ते सुटे केल्याशिवाय उपाय सापडणार नाही.

आठ डब्यांना होणारा त्रास हा लांबीचा आणि वजनाचा आहे. आयसीएफ डबा प्रत्यक्षात २१.३ मीटरचा, म्हणजे आपल्याकडे सुमारे २४५ मिलिमीटरचा होतो. त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट असावी असा या छंदातला ढोबळ नियम आहे आणि आपली त्रिज्या दुप्पटही नाही. वळणात पूर्ण शिरलेल्या डब्याचे टोक रुळाच्या मध्यरेषेपासून सुमारे ८ मिलिमीटर बाहेर जाते, तर मागच्या डब्याचे टोक अजून सरळ रुळावरच असते. हा फरक कपलिंगला, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याला, पेलवला नाही, की ते बोगीलाच, म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या गाड्यालाच, ओढते. शिवाय मागच्या डब्यांचा ताण पुढच्या हलक्या डब्यांना दोरीसारखा आत खेचतो, म्हणून तिसरा-चौथा डबाच बळी पडतो. वळण एकदम सुरू न करता ३० सेंटिमीटर अंतरात हळूहळू आवळत न्यावे. चार फुटांच्या फळीवर ५६० मिलिमीटर त्रिज्याही बसते. दोन्ही कडांना जेमतेम पाच-पाच सेंटिमीटर उरतील, तिथे कठडा मात्र लावा.

वजनासाठी अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे छंदिष्टांच्या संस्थेची शिफारस अशी, की डब्याला २८ ग्रॅम आणि वर प्रत्येक इंच लांबीमागे १४ ग्रॅम. आपल्या डब्याला हे सुमारे १६५ ग्रॅम होते. भर तळाशी आणि दोन्ही बोग्यांवर सारखी पडेल अशी चिकटवावी.

उत्तर (शिवाजी उद्यमनगर)

वरील मुद्दे योग्य आहेत. एकट्या डब्याबद्दल मी सांगतो, कारण दिवसभर लेथवर मापेच घेत असतो. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर व्हर्निअरने चाक फिरवत तीन ठिकाणी मोजा. ते साधारण १४.४ ते १४.६ मिलिमीटर असावे आणि तिन्ही ठिकाणी सारखे यावे. मग डबा जाड काचेवर ठेवून प्रत्येक चाकाखाली कागद सरकवून पाहा. कागद कुठे सहज गेला, तर ते चाक अधांतरी आहे. एका बोगीचा स्क्रू डावी-उजवीकडे डुलेल इतका सैल ठेवावा आणि दुसरीचा फक्त पुढे-मागे हलेल इतपत आवळावा, म्हणजे आठही चाके रुळावर टेकतात.

सांध्याचे म्हणाल तर वाकवलेल्या रुळाला तिथे सरळ होण्याची ओढ असते, त्यामुळे कोन पडतो. रूळ सरळ असतानाच सांधा डाखून घ्यावा आणि मग वाकवावे.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. त्या डब्याच्या मागच्या बोगीचे एक चाक खरोखरच उचललेले होते. पोस्टकार्ड आरपार गेले. स्क्रू सैल केल्यावर तो डबा सुटा ढकलला, तर सहापैकी सहा वेळा सांधा पार करून गेला. डबे सराफाच्या काट्यावर तोलले, तर ११० ग्रॅमच भरले. प्रत्येकात उद्यमनगरातून आणलेले वॉशर चिकटवले. भिंतीकडच्या वळणावर आता आठही डबे फिरतात. खिडकीकडे मात्र पावसाच्या ओलीने प्लायवूडची कड फुगून बाहेरचा रूळ वर उचलला गेला आहे, असे पाणसळ ठेवल्यावर दिसले. फळी वाळवून, दोन्ही बाजूंना वॉर्निश देऊन तिथेच ५६० चे वळण नव्याने टाकतो. गाडी मागे ढकलताना पाचवा डबा अजून उतरतो, तेवढे राहिले.

उत्तर (शाहूपुरी)

ढकलताना कपलिंगवर दाब येतो आणि आवळलेल्या वळणावर तो डब्याला बाहेर फेकतो. नवे वळण होईपर्यंत पूर्ण गाडी मागे ढकलू नये. त्यानंतरही उतरला, तर पाचव्या डब्याच्या कपलिंगची उंची शेजारच्या डब्यांशी ताडून पाहावी.