मदत हवी आहे: कार्लोस वेस्टेनडॉर्प यांच्यावर बोलायचंय, बोस्नियापाशी अडलोय

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात दर महिन्याला कुणीतरी एका परदेशी मुत्सद्द्यावर तासभर बोलतं. या खेपेला माझी पाळी आहे आणि मी कार्लोस वेस्टेनडॉर्प हे नाव घेऊन बसलोय. स्पेन म्हटलं की लोकांना हाविएर सोलाना आठवतात, फार तर जोसेप बोरेल. हा माणूस कुणाच्या खिजगणतीत नसतो. माहिती बऱ्यापैकी जमली आहे, घोडं अडलंय ते मांडणीत.

जन्म १९३७ चा, माद्रिदचा. साठच्या दशकात परराष्ट्र सेवेत. १ जानेवारी १९८६ ला स्पेन युरोपीय समुदायाचा सदस्य झाला, तेव्हापासून १९९१ पर्यंत ब्रुसेल्समध्ये स्पेनचे कायमस्वरूपी प्रतिनिधी. पुढे १९९५ पर्यंत माद्रिदमध्ये युरोपचं खातं सांभाळणारे राज्यसचिव. १९९५ मध्ये युरोपीय संघाच्या करारांत काय बदल करावेत यासाठी सदस्य देशांचा एक चिंतन गट नेमला गेला, त्याचं अध्यक्षपद यांच्याकडे. गटाचा अहवाल डिसेंबरात माद्रिदच्या शिखर परिषदेपुढे गेला (नव्या चलनाचं नाव 'युरो' ठरलं ती हीच परिषद) आणि त्या वाटेनं १९९७ चा ॲम्स्टरडॅम करार झाला. सोलाना नाटोचे सरचिटणीस झाल्यावर परराष्ट्रमंत्रिपद यांच्याकडे आलं, पण जेमतेम पाच महिने. निवडणुकीत फेलिपे गोन्सालेस यांचं सरकार गेलं आणि हे संयुक्त राष्ट्रांत राजदूत म्हणून न्यूयॉर्कला गेले.

इथपर्यंतचा माणूस मला कळतो. पंधरा देशांना एका मसुद्यावर आणायचं, कुणालाही हुकूम सोडायची सोय नाही, सगळा मामला मनधरणीचा.

गंमत यापुढे आहे. जून १९९७ मध्ये हे बोस्निया-हर्झगोव्हिनाचे उच्च प्रतिनिधी झाले. बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन शांतता कराराची अंमलबजावणी बघायचं हे पद. डिसेंबरात बॉनच्या परिषदेत या पदाला जादा अधिकार मिळाले: स्थानिक पुढाऱ्यांचं एकमत होत नसेल तर उच्च प्रतिनिधीनं कायदा लागू करावा, आडवं येणाऱ्याला पदावरून काढावं. त्याच महिन्यात यांनी नागरिकत्वाचा कायदा लागू करून टाकला. संसदेला झेंडा ठरवता येईना, तर फेब्रुवारी १९९८ मध्ये झेंडाही यांनीच ठरवला. नागानोचं हिवाळी ऑलिंपिक तोंडावर आलं होतं, खेळाडूंनी काय धरून चालायचं? जूनमध्ये जर्मन मार्कशी एकास एक बांधलेलं 'परिवर्तनीय मार्क' हे चलन आलं, तेव्हाही नोटांचं घोडं यांनाच पुढे ढकलावं लागलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र गाड्यांच्या नंबरप्लेटची. आधी प्लेटवरून गाडी सर्बांच्या भागातली की बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम) आणि क्रोएट यांच्या भागातली हे लांबूनच कळायचं, आणि तशी गाडी पलीकडे न्यायची लोकांची छाती व्हायची नाही. आपण एमएच १२ दिसली की 'पुणेकर' म्हणून हसून मोकळे होतो, तिथे तेवढ्यावरून जीव टांगणीला लागायचा. १९९८ च्या नव्या प्लेटवर तीन आकडे, एक अक्षर, परत तीन आकडे. गाव नाही, प्रांत नाही. अक्षरंही फक्त ए, ई, जे, के, एम, ओ आणि टी, म्हणजे रोमन आणि सर्ब वापरतात ती सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी. कुठल्या बाजूची लिपी, हा वादच मिटला! ही युक्ती ब्रुसेल्समध्ये मुरलेल्या माणसालाच सुचावी असं माझं मत, पण ती अमलात आली हुकमानं.

आणि मग ५ मार्च १९९९. यांनी रेपुब्लिका स्र्प्स्काचे, म्हणजे बोस्नियातल्या त्याच सर्ब भागाचे, निवडून आलेले अध्यक्ष निकोला पोपलाशेन यांना एका आदेशानं पदावरून काढलं. लोकांनी निवडलेल्या माणसाला बाहेरून नेमलेला माणूस काढतो, इथे माझी गाडी अडते.

जाणकारांनी दोन गोष्टींवर प्रकाश टाकावा. एक, हा माणूस नेमका कुणाला उत्तरदायी होता? दुसरं, १९९९ ते २००३ हे समाजवादी पक्षाकडून युरोपीय संसदेत होते, तिथे उद्योग, परकीय व्यापार, संशोधन आणि ऊर्जा समितीचे अध्यक्ष. त्यानंतर वॉशिंग्टनला राजदूत. हा भाग किती वेळ घ्यावा? मला तो फिका वाटतो.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

उच्च प्रतिनिधी हा युरोपीय संघाचा नोकर नव्हे, हे श्रोत्यांना आधीच सांगून टाका. नाहीतर घोळ होतो, कारण ऑक्टोबर १९९९ पासून सोलाना युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणाच्या ज्या पदावर बसले त्याचंही नाव उच्च प्रतिनिधीच, आणि ते पद त्याच ॲम्स्टरडॅम करारातून आलेलं. वेस्टेनडॉर्प यांच्यामागे होती शांतता अंमलबजावणी परिषद, म्हणजे डेटनला पाठिंबा देणारे देश आणि संस्था. बोस्नियातल्या मतदाराला त्यांना जाब विचारता येत नव्हता.

आपल्याकडच्या ३५६ कलमाशी तुलना करायचा मोह होईल. करा, पण बोम्मई खटल्यानंतर (१९९४) राष्ट्रपती राजवट न्यायालयात तपासता येते, हे विसरू नका. बोस्नियाच्या घटनात्मक न्यायालयानं २००० मध्ये म्हटलं की उच्च प्रतिनिधीनं लादलेला कायदा आम्ही तपासू शकतो. पदावरून काढलेल्या माणसाला दाद मागायला मात्र जागा नाही, यावर व्हेनिस आयोगानं (युरोप परिषदेचं घटनात्मक बाबींवरचं सल्लागार मंडळ) २००५ मध्ये स्पष्ट टीका केली. तोवर वेस्टेनडॉर्प यांनी ते पद सोडून सहा वर्षं झाली होती.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण त्यांना अगदी व्हाइसरॉय करून टाकू नका. बोस्नियात तेव्हा पुढाऱ्यांची मिलीभगत अशी होती की काहीच न ठरणं सगळ्यांच्याच पथ्यावर पडायचं. मतदारांपुढे तलवार नाचवायची आणि नावडता निर्णय परक्यानं घेतला म्हणून हात झटकायचे. नंबरप्लेट चालली, कारण त्यात हरलं कुणीच नाही.

पोपलाशेन प्रकरणात हरणारा होता. आणि ते कशावरून घडलं ते बघा: रेपुब्लिका स्र्प्स्काच्या पंतप्रधानपदी मिलोराद दोदिक यांचं नाव सुचवायला पोपलाशेन तयार नव्हते, उलट त्यांना हटवायच्या मागे होते. त्यात दोन्ही भाग हक्क सांगत होते त्या बर्च्को शहराचा लवाद निवाडाही त्याच दिवशी आला, म्हणजे आगीत तेल. दोदिक पुढे स्वतः रेपुब्लिका स्र्प्स्काचे अध्यक्ष झाले. उच्च प्रतिनिधीचे निर्णय धुडकावले म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये सारायेव्होच्या न्यायालयानं त्यांना एक वर्ष कैद आणि सहा वर्षं पदबंदी ठोठावली.

युरोपीय संसदेला पाच मिनिटं द्या, फार झालं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दोदिक यांचा दुवा माझ्या नजरेतून पार निसटला असता. आता पोपलाशेनपासून थेट २०२५ वर जातो आणि न्यायालयांचा मुद्दा मध्ये घेतो. संसद पाच मिनिटांत, वॉशिंग्टन एका वाक्यात.

१९९८ च्या आधीच्या बोस्नियन नंबरप्लेटचा स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर इथे डकवाल का? नव्या प्लेटशेजारी पडद्यावर दाखवायचाय.