दोन लाख पस्तीस हजारांची मोहोर आणि 'रोखच द्या'

ढब्बूपैसा:
गेल्या शनिवारी पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीची 1862 ची मोहोर हातात घेतली. काट्यावर 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक जुना तोळा. कडेचे कंगोरे शाबूत, राणीच्या गालावर एक बारीक ओरखडा, बाकी चेहरा स्वच्छ. घासाघीस करून 2,35,000 ला ठरली. मी फोन काढला, तर डीलर म्हणाला, "ऑनलाइन नको. आज एक लाख वीस हजार रोख द्या, उरलेले उद्या." मोहोर ट्रेमध्ये ठेवून घरी आलो. माझं मत: लाखावरचं नाणं बँकेतून पैसे देऊनच घ्यावं. रोखीचा हट्ट धरणाऱ्याकडे माल कितीही देखणा असो, पाठ फिरवावी.

मंडईकर:
साफ असहमत. अशा प्रदर्शनांत मी स्वतः नाणी विकायला टेबल लावतो. एकदा टेबलाच्या या बाजूला बसून बघा. दुपारी हॉलमध्ये गर्दी झाली की रेंज जाते. यूपीआयची मर्यादा साधारण लाखाची. 'गेले बघा पैसे' म्हणत स्क्रीनशॉट दाखवून माणूस नाणं घेऊन जातो आणि खात्यात रात्रीपर्यंत काही नाही. चेकचं तर नावच नको. दोन वर्षांपूर्वी एका अनोळखी गिऱ्हाइकाने चाळीस हजार पाठवले. ते त्याच्याकडे कुठल्याशा ऑनलाइन फसवणुकीतून आलेले. माझं खातं गोठलं! परराज्यातल्या सायबर पोलिसांना मेल करकरून सात महिने गेले. रोख मोजली, नाणं दिलं, विषय संपला.

एक तोळा:
खातं गोठण्याचं दुखणं खरं आहे. पण 2 लाख किंवा त्यावर रोख घ्यायला आयकर कायद्याने एप्रिल 2017 पासून बंदी आहे. दंड घेणाऱ्याला, आणि जेवढी रक्कम तेवढाच. 'उरलेले उद्या' ही पळवाटही चालत नाही. सौदा एकच असेल तर पैसे दोन दिवसांत विभागून घेतले तरी तो एकच धरतात.

मंडईकर:
कायदा मलाही ठाऊक आहे, दोन लाखांची रोख मी घेत नाही. पण ढब्बूपैसा 'लाखावरचं' म्हणताहेत. दीड लाख रोख घेतले आणि पक्कं बिल दिलं, तर चुकलं काय? रोख म्हणजे बिनबिलाचं, हे तुम्हीच ठरवून टाकलंत.

गोधडी:
सासरे गेले तेव्हा कपाटातून नाण्यांचे चार अल्बम निघाले. सगळी खरेदी रोखीची, बिल एकाचंही नाही. विकायला गेलो तर प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'कुठून आलं?' आणि दुसरा 'मोडीच्या भावात देता का?' शिवाजी महाराजांचा म्हणून ज्याची ते दसऱ्याला पूजा करायचे, तो सोन्याचा होन खोटा निघाला. केवढ्याला घेतला, कोणाकडून, देव जाणे. भांडायला जायचं तर कोणाच्या दारात?

चिंचोका:
प्रदर्शन दोन-तीन दिवस चालतं ना? पहिल्या दिवशी पाच हजार विसार द्या आणि डीलरचं खातं जोडून एक रुपया पाठवून बघा. नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिले 24 तास मोठी रक्कम सोडत नाहीत, लोक तिथेच अडकतात. दुसऱ्या दिवशी आरटीजीएस (मोठ्या रकमा खात्यातून खात्यात पाठवायचा बँकेचा मार्ग) करा. तो 2 लाखांपासून पुढे होतो आणि डिसेंबर 2020 पासून रविवारीही चालतो. बिलावर नुसतं 'जुने नाणे' नको. साल, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो आणि 'खोटे निघाल्यास परत' हे शब्द हवेत. (अवांतर, पण दर वेळी कोणीतरी विचारतंच: शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. अमेरिकेतल्या भाच्याला पाठवायचा बेत असेल तर विसरा.)

मंडईकर:
विसार घेतला की नाणं अडकलं. समोर रोख घेऊन उभा असलेला निघून जातो, आणि विसारवाला दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. पाच हजारांत माझा टेबलाचा खर्चही निघत नाही.

चिंचोका:
मग वीस हजार मागा. ज्याला हवंय तो देईल.

ढब्बूपैसा:
मंडईकर, तुमचा मुद्दा मान्य, माझं वाक्य सैल होतं. त्या डीलरकडे मी बिल मागितलंच नव्हतं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पण 'आज-उद्या'ची युक्ती त्याचीच होती, तिथे मी मागे हटणार नाही. काल न राहवून फोन केला. मोहोर रविवारीच गेली म्हणे, दोन लाख दहा हजारांना. पैसे कसे घेतले ते विचारलं नाही.