मदत हवी आहे: ‘नवटाक’ म्हणजे नेमकं किती, आणि १९५५ च्या संवादात ते कसं बसवायचं?

नमस्कार. एका एकांकिकेची संहिता तपासतो आहे. काळ १९५५, जागा लालबाग, पात्रं गिरणी कामगार. त्यात हे वाक्य आहे:

‘चल, सरकारमान्य गुत्त्यावर जाऊन नवटाक मारू. साठ मिलीत काय होतंय!’

नवटाक हा शब्द नवसागरावरून आला असं लेखकाचं म्हणणं आहे. ते बरोबर आहे का? आणि बाकीचं वाक्य काळाला धरून आहे का?

प्रतिसाद १

नवसागराचा संबंध नाही. हातभट्टीच्या रसायनात काळ्या गुळाबरोबर नवसागर टाकतात, म्हणून तसं वाटतं. पण नवटाक हे वाण्याच्या दुकानातलं साधं वजन आहे. जुनं रूप ‘नवटांक’, म्हणजे नऊ टांक. नवरात्र, नवग्रह यांत नऊचा ‘नव’ होतो, तसाच इथे. मुंबईच्या जुन्या कोष्टकात ७२ टांकांचा एक शेर धरत. ७२ ला आठाने भागा, ९ येतात. म्हणून नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. पुढे शेर ८० तोळ्यांचा झाला तरी नाव तेच राहिलं: छटाक ५ तोळे, नवटाक १०, पावशेर २०, अच्छेर ४०. तोळा ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा नवटाक साधारण ११६.६ ग्रॅम. चहापत्ती, तूप, डाळ, सगळं नवटाकाने मिळायचं.

चूक होते ती इथे: हे वजन आहे, आणि दारू तोलून देत नाहीत, मापाने ओततात. अड्ड्यावर ‘नवटाक’ हे पेल्यातल्या छोट्या मापाचं नाव झालं आणि तिथून थेट दारूचंच. ‘नवटाक मारून आलाय’ यात दारू शब्द उच्चारावाच लागत नाही. ‘पावशेर’चंही तेच झालं. म्हणून मिलीचा आकडा देऊच नका, त्यातून साठ तर कुठल्याच हिशोबात बसत नाही.

प्रतिसाद २

मिली काढून टाका, कारण तो शब्दच त्या पात्राच्या तोंडी येणार नाही. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा, आणि बाजारात ती मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. पुढे पैशांचा उल्लेख असेल तर तोही तपासा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाले. १९५५ मध्ये आणे, पावली, अधेली.

त्याहून मोठी चूक ‘सरकारमान्य गुत्ता’ ही आहे. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, कानडी ‘गुत्तिगे’वरून. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. इंग्रजी अमलात दारूविक्रीचा मक्ता लिलावाने जाई, म्हणून मक्तेदाराच्या दुकानाला गुत्ता हे नाव पडलं. पण मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे. १९५५ मध्ये लालबागेत सरकारमान्य दुकान असणं शक्यच नाही. तिथे ‘अड्डा’ लिहा. बोलताना बेकायदा जागेलाही लोक गुत्ता म्हणत, तेव्हा तो शब्द ठेवायचाच असेल तर निदान ‘सरकारमान्य’ काढा. चोरून जायच्या जागेबद्दल असा मोकळा आवाजही नको, पात्रं दबक्या आवाजात बोलतील.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. पुढच्या पानावर ‘पहिल्या धारेची’ आहे. तिथे लेखकाने ‘ताजी’ असा अर्थ धरलाय.

प्रतिसाद १

ताजी नव्हे, कडक. भट्टीवर रसायन तापलं की अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. त्यामुळे सुरुवातीच्या वाफेत अल्कोहोल जास्त असतं आणि नळीतून पडणारी पहिली धार सगळ्यांत जहाल. आच चालू राहिली की वाफेत पाणी वाढत जातं आणि धार फिकी पडते. म्हणून ‘पहिल्या धारेची’ म्हणजे पाणी न मारलेली, अस्सल. याच अर्थाने पुढे पहिल्या धारेचा विनोद, पहिल्या धारेची शिवी असंही म्हणू लागले. तुमच्या पात्राला नुकती काढलेली म्हणायचं असेल तर ‘आजचीच आहे’ एवढं पुरेल.

प्रतिसाद ३

एक बारीक गोष्ट. वाण्याकडे ‘दोन नवटाक साखर’ कुणी मागत नसे, कारण दोन नवटाकांना पावशेर हा शब्द तयार होता. पिणारा मात्र ‘अजून एक नवटाक’ म्हणू शकतो, कारण तिथे तो पेला मोजतोय. संहितेत वाण्याचा प्रवेश असेल तर हा फरक सांभाळा. आणि ‘क्वार्टर’ चुकूनही नको. तो १८० मिलीच्या बाटलीचा शब्द, पुढच्या काळातला.

मूळ प्रश्नकर्ता

वाक्य असं केलं: ‘चल, अड्ड्यावर जाऊ. नवटाक मारून लगेच परत.’ पावशेराचा पर्याय तिसऱ्या प्रवेशासाठी ठेवलाय, तिथे पात्राची पगाराची रात्र आहे.