मदत हवी आहे : दोघेही सिकलसेल वाहक, पोटातल्या बाळाची तपासणी कुठे होते?

नमस्कार. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले. बायकोला आठवा आठवडा सुरू आहे आणि रक्ततपासणीत आम्ही दोघेही ‘एएस’, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक निघालो. ११व्या गुणसूत्रावरच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं, पण दोघांकडूनही तेच आलं तर बाळ ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं. शक्यता २५ टक्के, आणि प्रत्येक गरोदरपणात पुन्हा तेवढीच. माझ्या मोठ्या भावाला हा आजार आहे. थंडीत हातपाय दुखून त्याचं रात्रभर कण्हणं मी लहानपणापासून ऐकलंय.

साधारण ११व्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन तपासणी होते, असं डॉक्टर म्हणाले. नागपुरात ती सरकारी दवाखान्यात होते का? खर्च किती, रिपोर्ट किती दिवसांत? कुणी करून घेतली असेल तर कृपया लवकर सांगा, दिवस कमी आहेत.